मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने अंतर किती? तिकिटावर रात्री १.०० ते सकाळी ७.३० लिहिलंय, म्हणजे साडेसहा तासच का?

साडेसहा नाही हो, सोळा तास. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची छापतात आणि पोहोचायची न्यूयॉर्कची. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. साडेसहात साडेनऊ मिळवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ आणखी एक तास मागे घेतात, मग मार्चपर्यंत फरक साडेदहाचा. माझ्या आईनेही पहिल्या खेपेला तिकीट वाचून दोनच दशम्या बांधल्या होत्या, ‘सकाळी तर पोहोचायचंय’ म्हणून.

अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, फसाल. मुलाच्या पृथ्वीगोलावर मी शिवणाचा दोरा ताणून बघितला. मला वाटलं होतं दोरा अरबस्तान, आफ्रिकेवरून पश्चिमेला जाईल. तो चढला वर! सिंध, अफगाणिस्तान, रशिया, पार आइसलंडपर्यंत, आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली न्यूयॉर्कला. हा सगळ्यात जवळचा रस्ता.

पण वैमानिकाला दोरा धरून जाता येतंच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना सुरुवातीलाच वळसा पडला. रशियावरून अमेरिकी कंपन्यांची विमानं २०२२ पासून जात नाहीत. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये कंपनीगणिक वेळ बदलते.

येताना मात्र दीड-दोन तास वाचतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात तर ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरने. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. न्यूयॉर्कहून उन्हाळ्यात दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईत, असं तिकीट दिसलं तर ते चोवीस नाही, साडेचौदा तासांचं.

दुबईवरून जायचं म्हटलं तर अंतर जेमतेम चारशे किलोमीटरने वाढतं. वेळ खातो तो मधला थांबा. दोन तासांचा असेल तर धावपळ, आठ तासांचा असेल तर खुर्चीवर पाय दुमडून झोप. तिकीट स्वस्त म्हणून आईला एकदा तसं पाठवलं होतं, पुन्हा नाही पाठवलं. तुमच्याबरोबर वयस्क माणूस असेल तर चार पैसे जास्त गेले तरी थेट विमानच घ्या, आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.