वाचकांचे प्रश्न : आई-बाबा कामावर, बाळ घरी

या महिन्यात सोलापूर शहरातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या नोकरदार पालकांची आहेत. त्यांतील चार पत्रे येथे घेतली असून पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत नोकरी करते. माझा मुलगा दीड वर्षाचा असून दिवसभर त्याला सासूबाई सांभाळतात. गेल्या महिन्यापासून मी पर्स हातात घेतली की तो आकांत करतो. म्हणून सासूबाई त्याला मागच्या अंगणात चिमण्या दाखवायला नेतात आणि तेवढ्यात मी पुढच्या दाराने निघून जाते. त्याचे बाबा साडेनऊला निघतात. संध्याकाळी मी घरी आले की तो कडेवरून उतरत नाही, मला स्वयंपाकाला हात लावू देत नाही. शेजारच्या बायका म्हणतात की आजीजवळ तो दिवसभर शहाण्यासारखा असतो आणि मला पाहिले की हट्ट सुरू करतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मी नोकरी सोडावी का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या मुलाचे रडणे वयाला धरूनच आहे. आई नजरेआड झाली तरी ती कुठेतरी आहे, हे मुलाला साधारण आठव्या महिन्यापासून कळू लागते. पण ती केव्हा परतेल हे उमगण्याइतकी काळाची जाण त्याला अजून आलेली नसते, आणि म्हणूनच दुराव्याची ही भीती पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे वाढत जाऊन बहुतेक मुलांमध्ये वयाच्या दोन-तीन वर्षांपर्यंत ओसरते. आपण नोकरी करता म्हणून ती निर्माण झालेली नाही. दिवसभर घरी असणाऱ्या आईचे मूलही या वयात ती न्हाणीघरात गेली तरी दाराशी बसून रडते.

मात्र चिमण्या दाखवण्याचा उपाय आजपासून बंद करावा, असे मी आग्रहाने सांगेन. अंगणातून परत आल्यावर आई नाही असे ज्या मुलाला रोज आढळते, ते मूल आईवर सतत पाळत ठेवू लागते, कारण तिच्यावरून नजर हटली की ती जाते एवढेच त्याला अनुभवाने कळलेले असते. त्याऐवजी निघण्यापूर्वी त्याला जवळ घ्यावे, रोज त्याच शब्दांत सांगावे की आई कामाला जाते आहे आणि तू झोपून उठलास, दूध प्यायलास की आई येईल. मग त्याला सासूबाईंच्या हाती देऊन, मागे वळून पुन्हा कडेवर न घेता निघावे. ‘सहा वाजता’ हे त्याला कळत नाही. झोप, दूध आणि त्यानंतर आई हा क्रम कळतो. पहिले काही दिवस रडणे वाढल्यासारखे वाटेल. आपण गेल्यानंतर तो किती वेळ रडला, हे सासूबाईंना घड्याळ पाहून सांगायला सांगावे. बहुतेक मुले काही मिनिटांत शांत होऊन खेळाला लागतात, आणि हे एकदा कळले की कामावर आपल्या मनाला होणारा त्रासही कमी होईल. काही आठवडे लोटूनही तो आजीजवळ खात नसेल, झोपत नसेल किंवा दिवसभर मलूल राहत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

संध्याकाळच्या हट्टाविषयी शेजारणींनी काढलेला निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. मूल दिवसभर स्वतःला सावरून असते आणि जिच्यापाशी आपले सगळे चालते अशी खात्री असते, तिच्यापाशीच ते मन मोकळे करते. घरी आल्यावर हातपाय धुऊन पहिली वीस मिनिटे केवळ त्याच्यासाठी ठेवावीत, फोन बाजूला ठेवून जमिनीवर त्याच्याजवळ बसावे. स्वयंपाक तेवढा उशिरा झाला तरी चालेल, आणि बहुधा तो होणारही नाही, कारण पोटभर आई मिळालेले मूल थोड्या वेळाने आपणहून मांडीवरून उतरते. नंतर त्याला स्वयंपाकघरातच, शेगडीपासून दूर बसवून कणकेचा गोळा किंवा रिकामे डबे खेळायला द्यावेत.

आपल्या पत्रात बाळाच्या वडिलांविषयी एकच वाक्य आहे, ते साडेनऊला निघतात एवढेच. मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. सकाळी बाळाची आंघोळ आणि न्याहारी, तसेच रात्रीचे भरवणे ही कामे पूर्णपणे त्यांच्याकडे असावीत. ‘मदत’ म्हणून अधूनमधून करण्याने भागणार नाही, कारण बाळाचे कपडे कोठे आहेत, डोस कधी आहे आणि ताप आला तर कोणाला फोन करायचा, हे सारे लक्षात ठेवण्याचा भारही दोघांत वाटला गेला पाहिजे. आठवड्यातून काही दिवस आपण आधी निघावे आणि बाळाला आजीच्या हाती सोपवण्याचे काम त्यांनी करावे. लहान मुलांना वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होणे सामान्य आहे. त्या प्रत्येक वेळी रजा आपणच घेत असाल, तर हेही ठरवून बदलावे.

सासूबाईंचे गुडघे दुखत असताना नऊ-दहा किलोचे मूल दिवसभर उचलणे त्यांना झेपणारे नाही, हे आपण सर्वांनी उघडपणे बोलायला हवे. त्या स्वतः तक्रार करणार नाहीत. दुपारचे तीन-चार तास बाळामागे धावणारी एखादी बाई ठेवली, तर आजीकडे गोष्टी सांगणे, भरवणे आणि निजवणे ही बसून करायची कामे राहतील आणि बाळाला आजीही मिळेल.

नोकरीचे विचारता आहात, तर माझे मत स्पष्ट आहे : या रडण्यावरून ती सोडू नये. हा काळ काही महिन्यांत सरेल. सुटलेली नोकरी, भविष्यनिर्वाह निधी आणि कामातला अनुभव पुन्हा त्याच जागी मिळत नाही. घरी राहण्याची आपल्याला मनापासून इच्छा असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. पण आपल्या पत्रात मला इच्छा दिसली नाही, अपराधीपणा दिसला.

प्रश्न : मी चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्यात पाळीने काम करतो. पत्नी शासकीय कार्यालयात लिपिक आहे. मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. माझी दुसरी पाळी असली की ती माझी वाट पाहत रात्री साडेअकरापर्यंत जागते. सकाळी साडेसहाला आईबरोबर उठते, दुपारी चार ते सहा झोपते. त्यातच नळाला पाणी येण्याचा दिवस असला की घरात सर्वांचीच धावपळ असते. ती फार चिडचिडी झाली आहे.
— एक वडील, सोलापूर

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षे वयोगटातील, म्हणजे तिसरा वाढदिवस न झालेल्या मुलांना दिवसाची झोप धरून चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप हवी. आपल्या मुलीची रात्रीची सात आणि दुपारची दोन मिळून नऊच तास होतात. तिची चिडचिड ही झोपेची थकबाकी आहे, असे समजून चालायला हरकत नाही.

तिला आपली वाट पाहायला लावणे थांबवावे, हे वडील म्हणून आपल्याला जड जाईल याची मला कल्पना आहे. पण दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात दुपारपर्यंत आपण घरी असता. तिला उठल्यावर न्हाऊ घालणे, न्याहारी देणे, ऊन चढण्यापूर्वी बाहेर फिरवून आणणे हा वेळ तिचा आणि आपला असू शकतो. थकलेल्या बापाबरोबर रात्री मिळणाऱ्या पंधरा मिनिटांपेक्षा तो कितीतरी मोठा आहे. पाळी बदलली की आपली वेळ बदलावी, तिची बदलू नये.

दुपारची झोप जेवणानंतर लगेच, साडेतीनच्या आत संपेल अशी घ्यावी. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा घर तापते आणि मुले उशिरा झोपतात. त्या दिवसांत संध्याकाळी पुन्हा आंघोळ घालून सुती झबले घालावे आणि घरातील सर्वांत थंड खोली तिला द्यावी. रात्रीची वेळ एकदम न बदलता दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणत नऊपर्यंत यावे, आणि त्याआधीचा अर्धा तास दिवे मंद करून रोज त्याच क्रमाने जावा.

पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात पाण्याचा दिवस हा घरातला एक वेगळाच वार असतो. त्या दिवशी मोटार लावणे आणि भांडी भरणे हे काम एकाने, आणि मुलीला धरणे हे दुसऱ्याने असे आदल्या रात्रीच ठरवावे. भरलेल्या बादल्या आणि पिंप मात्र झाकण लावून, तिच्या हाती न लागतील असे ठेवावेत. या वयाचे मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकते, आणि ते घडताना आवाज होत नाही.

आपल्या पत्नी राज्य शासनाच्या सेवेत असतील, तर २०१८ पासून महिला कर्मचाऱ्यांना मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. त्यांनी आस्थापना शाखेत याची चौकशी अवश्य करावी.

प्रश्न : सून आणि मुलगा दोघेही नोकरीला जातात, नातू माझ्याकडे असतो. तो वीस महिन्यांचा आहे. मी त्याच्याशी कन्नडमध्ये बोलते, सून मराठीत, आणि खाली खेळायला येणारी मुले तेलुगू बोलतात. तो अजून चार-पाचच शब्द बोलतो. सुनेला वाटते की माझ्या कन्नडमुळे त्याचा गोंधळ होतो. शिवाय मोबाइल दाखवल्याशिवाय तो जेवत नाही.
— एक आजी, विजापूर रोड

उत्तर : आजी, आपण कन्नड बोलणे मुळीच थांबवू नये. एकाहून अधिक भाषा कानावर पडल्याने मुलाचे बोलणे लांबते, असे संशोधनात आढळलेले नाही; सोलापुरात तर पिढ्यान् पिढ्या मुले घरात एक, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलत मोठी झाली आहेत. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजावेत. तो दुधाला कन्नडमध्ये ‘हालु’ म्हणत असेल आणि ‘भूभू’ म्हणत असेल, तर ते दोन शब्द झाले. त्याला सांगितलेले कळते का, बोटाने वस्तू दाखवतो का, नावाने हाक मारली की वळून पाहतो का, हे शब्दसंख्येइतकेच महत्त्वाचे आहे. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत तो दोन शब्द जोडून बोलू लागला नाही, किंवा वरील गोष्टींपैकी काही आजच आढळत नसेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन त्याची श्रवणचाचणी करून घ्यावी.

बोलण्याच्या आड येणारी गोष्ट आपल्या घरात आहेच, आणि ती कन्नड नसून मोबाइल आहे. दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. जेवताना तर त्याचे दुहेरी नुकसान होते, कारण मुलाचे लक्ष पोट भरल्याच्या जाणिवेकडे राहत नाही आणि त्या अर्ध्या तासातले आपले बोलणेही बुडते. मोबाइल एकदम बंद करावा. तीन-चार दिवस तो कमी जेवेल, त्याने घाबरून जाऊ नये. वाटी त्याच्यापुढे ठेवून स्वतःच्या हाताने खाऊ द्यावे, सांडू द्यावे. दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून अधिक दूध पोटात गेल्यास जेवणाची भूक मरते आणि लोह कमी पडते, म्हणून तेही पाहावे.

आपल्याकडील अन्न या वयाला उत्तम आहे. ताजी, मऊ ज्वारीची भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून द्यावी. कडक भाकरीचे तुकडे आणि हुरड्याचे दाणे मात्र अजून देऊ नयेत. अख्खे शेंगदाणे तर चार-पाच वर्षांपर्यंत टाळावेत, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. शेंगदाण्याचे बारीक कूट भाजीत चालते. शेंगाचटणी तिखट असल्याने तिची पाळी नंतर येईल.

सुनेशी बोलताना हे उत्तर तिच्यापुढे ठेवण्यापेक्षा दोघींनी मिळून शब्दांची यादी करावी, असे मी सुचवेन. ती दिवसभर बाहेर असते आणि नातवाने आज काय नवे म्हटले हे तिला आपल्याकडूनच कळू शकते.

प्रश्न : मी गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काम करते. तिथे साठ-सत्तर माणसे आहेत. मुलगी एक वर्षाची आहे. अंगणवाडीत ठेवता येईल का? पाळणाघर पाहायचे तर काय पाहावे?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : अंगणवाडीतील शिक्षण आणि गरम आहार तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असतो, त्याआधी सहा महिन्यांपासून घरी नेण्याचा पोषण आहार आणि लसीकरणाची सोय मिळते, पण दिवसभर सांभाळ होत नाही. केंद्राच्या ‘पालना’ योजनेखाली काही अंगणवाड्यांना जोडून पाळणाघरे चालतात. आपल्या भागात तसे केंद्र आहे का, हे अंगणवाडीताईंना विचारावे.

त्याआधी आपल्या कारखान्याकडे पाहावे. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता येते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. ही संख्या मोजताना स्त्री-पुरुष दोन्ही धरतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळण्याचाही आपल्याला हक्क आहे. एकटीने मागणी करण्यापेक्षा लहान मुले असलेल्या साऱ्या जणींनी सह्या करून लेखी अर्ज द्यावा.

पाळणाघर पाहताना दुपारी, न कळवता जावे. एका बाईकडे किती मुले आहेत, मुले टीव्हीसमोर बसवली आहेत की खेळत आहेत, पिण्याचे पाणी कसे साठवले आहे, जिना आणि गच्ची बंद आहे का, आजारी मुलाला वेगळे ठेवतात का, हे डोळ्यांनी पाहावे. पालकांना आत येऊ न देणारे पाळणाघर कितीही स्वच्छ आणि स्वस्त असले तरी नाकारावे. जागा ठरली की पहिला आठवडा मुलीला तासाभरासाठी, नंतर अर्ध्या दिवसासाठी असे सवयीने ठेवावे, तिच्या अंथरुणावरची ओळखीची चादर बरोबर द्यावी, आणि सोळा महिने पूर्ण झाल्यावरचे गोवर-रुबेला व त्रिगुणी बूस्टरचे डोस वेळेवर होतील असे पाहावे.