सोळा ठेवावा की सतरा घ्यावा? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आयफोन १७ आल्यापासून या सदराच्या टपालात एकच प्रश्न वेगवेगळ्या वेशात येतो आहे. इथे १६ म्हणजे सप्टेंबर २०२४ चा साधा आयफोन १६ आणि १७ म्हणजे सप्टेंबर २०२५ चा साधा आयफोन १७. प्रो, प्लस, एअर या चर्चेत नाहीत.

कोथरूड : माझ्याकडे १६ आहे, वर्षभर वापरतेय. दुकानदार म्हणाला, १७ ची स्क्रीन एकदा बघा, परत जुन्याकडे बघणार नाही. मी दोन्ही शेजारी ठेवून बघितले. मला काही फरक दिसला नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय का?

नंबर ठीक असावा. तुम्ही बहुधा स्थिर चित्र बघितलंत, आणि स्थिर चित्रात हा फरक दिसत नाही. १६ ची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते, १७ ची १२० वेळा. म्हणजे एकावर दर साडेसोळा-सतरा मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, दुसऱ्यावर साधारण आठ मिलिसेकंदांनी. हे कळतं ते फक्त हलत्या गोष्टीत.

पुन्हा दुकानात गेलात (कोरेगाव पार्कला कोपा मॉलमध्ये ॲपलचं स्वतःचं दुकान सप्टेंबर २०२५ पासून आहे, तिथे फोन हातात घेऊ देतात) तर दोन्ही फोनांवर एकच लांबलचक मराठी बातमी उघडा. अंगठ्याने हळूहळू, न थांबता वर सरकवा आणि नजर एकाच शब्दावर धरून शब्दाबरोबर वर न्या. १६ वर शिरोरेषा जाड आणि पुसट होते, वेलांट्या आणि मात्रा एकमेकींत मिसळतात, जोडाक्षर तर ओळखूच येत नाही. १७ वर तोच शब्द सरकता सरकता वाचता येतो. रोमन लिपीत हा फरक जरा कमी जाणवतो. देवनागरीत अक्षराच्या वर आणि खाली इतकं काही लटकलेलं असतं की तो लगेच दिसतो.

आणखी खात्री हवी तर एकट्या १७ वरच करून बघा. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, मोशन, तिथे ‘लिमिट फ्रेम रेट’. ते चालू केलं की १७ ची स्क्रीन ६० वर उतरते. चालू-बंद करून तीच बातमी सरकवा. तरीही फरक जाणवला नाही, तर तुमच्यासाठी तो नाहीच, आणि त्यासाठी पैसे मोजायचं कारण नाही. एक फसगत सांभाळा : ‘लो पॉवर मोड’ चालू असला तरीही स्क्रीन ६० वरच अडते. बॅटरीचं चिन्ह पिवळं दिसलं की तो आधी बंद करा, मग तुलना करा.

आमचं मत विचाराल तर १६ वाल्यांनी बदलू नये. १२ किंवा १३ वरून येणाऱ्यांनी मात्र १६ च्या मोहात न पडता १७ घ्यावा. मुख्य कॅमेरा दोन्हींत ४८ मेगापिक्सेलचा आहे आणि दिवसाउजेडी काढलेले फोटो वेगळे ओळखणं कठीण. नव्या चिपचा वेग आज रोजच्या वापरात कळतही नाही. स्क्रीनला मात्र दिवसातून शेकडो वेळा बोट लागतं.

भोसरी : साइटवर दिवसभर उन्हात असतो. १७ ची स्क्रीन ३००० निट्सची म्हणतात, १६ ची २०००. उन्हात खरंच दिसेल का?

दिसेल (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप), पण तीन अटींवर. पहिली, ‘ऑटो ब्राइटनेस’ चालू हवं. हा सर्वोच्च उजेड फक्त बाहेरच्या उन्हात आणि सेन्सरच्या सांगण्यावरूनच मिळतो. हाताने पट्टी शेवटपर्यंत ओढली तरी स्क्रीन साधारण १००० वरच राहते. बरेच जण बॅटरी वाचवायला हे बंद करून ठेवतात आणि मग स्क्रीनच्या नावाने बोटं मोडतात. ते आहे ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ या पानाच्या अगदी तळाशी.

दुसरी, फोन तापता कामा नये. हे फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचे म्हणून बनवलेत. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो, आणि काळा फोन उन्हात पत्र्यावर ठेवला तर विचारूच नका. तापला की फोन स्वतःहून स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करतो. तेव्हा १६ काय आणि १७ काय, दोघेही सारखेच. सावलीत ठेवा, जाड कव्हर काढा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

तिसरी अट दुकानदार सांगत नाहीत, कारण तिथेच त्यांची कमाई असते. १७ च्या काचेवर चकाकी कमी करणारा थर आहे. हा थर काच आणि हवा भेटतात तिथे काम करतो. वर साधी टेम्पर्ड ग्लास चिकटवली की हवा आता त्या ग्लासला भेटते, आणि उन्हाचा चटका पुन्हा पहिल्यासारखा डोळ्यांत येतो. एकतर ग्लास लावू नका, नाहीतर चकाकीविरोधी थर असलेलीच मागून घ्या. साइटवर वाळू-सिमेंटचा संबंध असेल तर दुसरा पर्याय बरा. वाळूतला गारगोटीचा कण कुठल्याच काचेची भीड ठेवत नाही.

सदाशिव पेठ : १७ आला तेव्हा १६ हा ६९,९०० ला झाला, १७ मात्र ८२,९०० ला होता. तेरा हजार कशाचे?

हिशेब सरळ आहे. तो १६ आहे १२८ जीबीचा, १७ सुरूच होतो २५६ जीबीपासून. १६ बाजारात आला तेव्हा १२८ आणि २५६ मध्ये दहा हजारांचं अंतर होतं. ते वजा करा, उरले तीन हजार. त्यात दुप्पट वेगाची आणि ६.१ ऐवजी ६.३ इंचांची स्क्रीन, ४८ मेगापिक्सेलचा अल्ट्रावाइड कॅमेरा (१६ ला तो १२ चा आहे) आणि जास्त टिकणारी बॅटरी. ॲपलच्याच आकड्यांनुसार सलग व्हिडिओ १६ वर २२ तास चालतो, १७ वर ३० तास.

आता १२८ पुरतील का, हे तुमच्या व्हिडिओंवर आहे. फोरके (सर्वांत बारीक तपशिलाचा व्हिडिओ), सेकंदाला ६० फ्रेम्सवर एका मिनिटाला साधारण ४०० एमबी जातात. लक्ष्मी रोडवर उभं राहून विसर्जनाची वीस मिनिटं टिपलीत की ८ जीबी संपले. तेच १०८०पी, ३० फ्रेम्सवर मिनिटाला ६० एमबी, म्हणजे वीस मिनिटांचे सव्वा जीबीच्या आत. घरच्या टीव्हीवर बघायला हे पुष्कळ झालं. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे प्रत्येक पर्यायापुढे एमबीचा आकडाच लिहिलेला असतो. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या सुप्रभातांचा ढीग वेगळा. तो व्हॉट्सॲपच्याच सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज इथून ग्रुपवार उपसता येतो.

हडपसर : १७ घेतला. वीस मिनिटांत ५० टक्के चार्ज होतो असं वाचलं होतं. माझ्या २० वॅटच्या चार्जरवर होत नाही. फोन सदोष आहे का?

नाही. तो वीस मिनिटांचा दावा ४० वॅट किंवा त्याहून मोठ्या चार्जरचा आहे. तुमचा २० वॅटचा चार्जर १६ साठी योग्य होता, त्यावर १६ अर्ध्या तासात ५० टक्क्यांवर जातो. १७ त्यावर चालतो, बिघडत काहीच नाही, फक्त वेळ जास्त लागतो. खोक्यात चार्जर नसतोच, नुसती टाइप-सी केबल असते. लॅपटॉपचा टाइप-सी चार्जर घरी असेल तर आधी तो लावून बघा, नवा घ्यायची गरज कदाचित उरणार नाही. फोन लागेल तेवढीच वीज मागतो, त्यामुळे ६५ वॅटच्या चार्जरने ‘बॅटरी जळते’ ही भीती मनातून काढून टाका.

रात्रभर लावून ठेवायची सवय असेल तर बॅटरीच्या सेटिंगमधली चार्ज लिमिट ८० ते ९० वर ठेवा. तेव्हा वेगवान चार्जरचा प्रश्नही उरत नाही.

नारायण पेठ : मंडळाचे व्हिडिओ १७ मधून विंडोज लॅपटॉपवर घेताना मध्येच एरर येते. केबल बदलली, जाड महाग केबल आणली, तरी तेच. जुन्या १६ वरही असंच व्हायचं.

केबल बिचारी निर्दोष आहे. फोन फाइल देता देता ती विंडोजला चालेल अशा प्रकारात बदलत बसतो, त्यात धाप लागते आणि संपर्क तुटतो. सेटिंग्ज, ॲप्स, फोटोज, अगदी खाली ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ आहे. तिथे ‘ऑटोमॅटिक’ काढून ‘कीप ओरिजिनल्स’ करा. केबल काढून पुन्हा लावा, फोन अनलॉक ठेवा, ‘ट्रस्ट’ विचारलं की होकार द्या. फोटो मग एचईआयसी या आयफोनच्या फोटो-प्रकारात येतील, ते उघडायला विंडोजला एचईआयएफचं जोडसॉफ्टवेअर लागेल. व्हिडिओंसाठी व्हीएलसी प्लेअर पुरतो.

वेगाची आशा मात्र ठेवू नका. दोन्ही फोनांचं टाइप-सी भोक नव्या आकाराचं असलं तरी आतून यूएसबी २ च आहे, सेकंदाला ४८० मेगाबिट. कागदावर ६० एमबी, प्रत्यक्षात ३५-४० एमबी सेकंदाला. म्हणजे ५० जीबीला वीस-पंचवीस मिनिटं. इतक्या किमतीच्या फोनात ही कंजुषी आहे, आणि १७ मध्येही ती सुधारलेली नाही.

औंध : १६ चं कव्हर १७ ला बसेल का?

नाही. १७ दोन मिलिमीटरने उंच आणि किंचित जाड आहे. ग्लासही बसणार नाही.

बाणेर : सेल्फी कॅमेऱ्यात काही खरं आहे की नुसती जाहिरात?

आहे. १६ चा पुढचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा, १७ चा १८ चा, पण आकडा सोडा. १७ चा सेन्सर चौरस आहे. फोन उभाच धरून आडवा फोटो निघतो, चेहरे वाढले की चौकट आपोआप रुंद होते. सिंहगडावर नऊ जण कोंबायचे असतील तर टोकाची आत्या आता कापली जात नाही. फोन उभा असल्याने बोटांची पकडही घट्ट राहते, कड्यावर ते महत्त्वाचं.

कात्रज : दुचाकीच्या हँडलला फोन लावून नकाशा बघतो. १६ चा कॅमेरा आता फोकस करताना थरथरतो. १७ घेतला तर हा त्रास जाईल?

काही महिन्यांनी पुन्हा येऊ शकतो. कॅमेऱ्यातलं भिंग किंवा सेन्सर हात हलला तरी चित्र स्थिर राहावं म्हणून सूक्ष्म आधारांवर तरंगता ठेवलेला असतो. इंजिनाची बारीक, सततची थरथर हँडलमधून थेट त्यात उतरते आणि तो आधार निकामी होतो. ॲपलनेच याबद्दल इशारा दिलेला आहे. हे १६ चं वैगुण्य नाही, १७ मध्येही तीच रचना आहे. मोटारसायकलला तर फोन लावूच नका, स्कूटर किंवा मोपेडला लावायचाच तर रबरी कंपनशोषक असलेला माउंट घ्या. सर्वांत स्वस्त उपाय : फोन खिशात, एका कानात नकाशाचा आवाज, तोही आवाज कमी ठेवून. कॅमेरा थरथरतोय तो आता दुरुस्तीलाच द्यावा लागेल, सेटिंगने जाणार नाही.

धनकवडी : तपकीर गल्लीत वापरलेला १६ मिळतोय. काय बघून घ्यावा?

पैसे द्यायच्या आधी दहा मिनिटं द्या.

सेटिंग्ज, जनरल, अबाउट उघडा. स्क्रीन, बॅटरी किंवा कॅमेरा बदललेला असेल तर तिथेच ‘पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी’ दिसते. ‘अननोन पार्ट’ असं आलं तर किंमत पाडून मागा, किंवा सरळ चालू लागा. मग बॅटरी हेल्थ : १६ मध्ये टक्क्यांबरोबर सायकल काउंट (बॅटरी एकूण किती वेळा पूर्ण वापरली गेली), बॅटरी कधी बनली आणि पहिल्यांदा कधी वापरली हेही दिसतं. विक्रेता ‘चार महिने वापरलाय’ म्हणतो आणि सायकल ४०० दिसतात, तर दोघांतला एक खोटं बोलतोय, आणि फोन खोटं बोलत नाही. ही बॅटरी १००० सायकलनंतरही ८० टक्के क्षमता टिकवेल अशी बनवलेली आहे, त्या मानाने किंमत ठरवा.

*#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, काढा. ‘केवायएम’ हे इंग्रजी अक्षरांत, मग मोकळी जागा, मग तो पंधरा आकडी क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. काळ्या यादीत किंवा दुबार असं उत्तर आलं तर हात लावू नका. शेवटी विक्रेत्याला तुमच्यासमोर ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून फोन पूर्ण पुसायला सांगा, आणि ‘हॅलो’च्या पानापासून तुमच्या ॲपल खात्याने सुरू करून बघा. कुणा दुसऱ्याचा पासवर्ड मागितला तर तो फोन तुमच्यासाठी वीट आहे. बिल मूळ, आणि त्यावरचा आयएमईआय जुळणारा हवा.

विश्रामबाग : नवा फोन आला, यूपीआयवर पाच हजारांच्या वर पैसे जात नाहीत. बँकेत जाऊ का?

थांबा, जाऊ नका. फोन बदलला की बँका सुरुवातीला रक्कम मुद्दाम अडवतात. अनेक बँकांत अँड्रॉइडवर हे २४ तास असतं, आयफोनवर ७२ तास. मर्यादा आपोआप सुटते. मधल्या काळात सिम पुन्हा काढ-घाल करू नका, नाहीतर घड्याळ पहिल्यापासून सुरू होऊ शकतं. ज्यांनी अजून फोन बदललेला नाही त्यांनी मुलांची फी, घरभाडं, जे काही मोठं असेल ते जुन्या फोनवरून भरून घ्या, मगच सिम हलवा.