चार स्क्रू काढण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज वाचला. सेकंडहँड टीएस-9, म्हणजे गिटारचा सूर फाडणारं ट्यूब स्क्रीमर ओव्हरड्राइव्ह पेडल मिळालं, पण आवाज ‘पातळ आणि नाकातला’ वाटतो, तेव्हा ते मॉड करून, म्हणजे आतले भाग बदलून, त्याचं थोरलं भावंड टीएस-808 करून घेऊ का, असं विचारलंयस. फोनवर ‘कर’ किंवा ‘नको’ म्हणून मोकळा झालो असतो. पण या प्रश्नापायी मी स्वतः इतकी पेडलं उघडलीत (आणि त्यातली काही कायमची मिटवलीत) की सविस्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

पैशाचं आधी उरकून घेतो. मॉड करून पैसे वाचत नाहीत, वाढत तर त्याहून नाहीत. सुटे भाग चहा-वडापावच्या भावात मिळतात हे खरं. पण विकायला काढलंस की घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘उघडलंय का?’ उघडलंय म्हटलं की भाव पडतो. नवीन पेडल असेल तर वॉरंटीही गेली. ज्यांच्या हातचं मॉड लोक जास्त पैसे मोजून घेतात असे जगात मोजके: अमेरिकेत अ‍ॅनालॉग मॅन, रॉबर्ट कीली, ब्रायन वॉम्पलर. त्यांची सुरुवातही दुसऱ्यांची पेडलं सुधारून देण्यातच झाली. तू-मी त्या यादीत नाही.

आता 808 चं. या दोन पेडलांभोवती इतकी दंतकथा जमलीय की आत काय आहे ते कुणी बघतच नाही. टीएस-808 आलं 1979 च्या सुमारास, टीएस-9 आलं 1982 मध्ये. दोन्ही मॅक्सन या जपानी कंपनीच्या कारखान्यातली, वर नाव आयबानेझ या ब्रँडचं. सर्किट जवळजवळ तेच. मुख्य फरक आउटपुटच्या दोन रेझिस्टरांत: 808 मध्ये 100 ओहम आणि 10 किलोओहम, टीएस-9 मध्ये 470 ओहम आणि 100 किलोओहम. शिवाय चिप. 808 म्हटलं की जेआरसी 4558 डी हे नाव लोक मंत्रासारखं घेतात, टीएस-9 मध्ये मात्र वेगवेगळ्या चिपा सापडतात. झालं ‘808 मॉड’. दोन रेझिस्टर आणि आठ पायांचा एक किडा.

मी ते केलंय. रेझिस्टर बदलले, चिपला सॉकेट बसवलं, दोन-तीन जातीच्या चिपा आणून आलटून पालटून लावल्या. कान लावून ऐकलं आणि छातीठोक सांगितलं की जेआरसी ‘उबदार’ आहे. आमच्या ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला तिथेच बसला होता. तो म्हणाला, भिंतीकडे तोंड करून वाजव, चिप मी बदलतो. दहा वेळा बदलली. मी पाच वेळा बरोबर सांगितलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. त्याने काही म्हटलं नाही, नुसता तंबाखू मळत राहिला. ते जास्त लागलं. तेव्हापासून चिपेच्या गप्पा निघाल्या की मी चहा सांगायला उठतो.

पण त्याच पेडलात एक भाग असा आहे की तो बदलला तर ढोलकीवाल्यालाही पाठमोरं कळतं. इथे जरा थांबून वाच, कारण तुझ्या ‘पातळ’ या तक्रारीचं मूळ इथेच आहे.

ड्राइव्हच्या ऑप-अ‍ॅम्पच्या, म्हणजे त्याच चिपेतल्या सूर मोठा करणाऱ्या भागाच्या, उलट्या इनपुटपासून ग्राउंडपर्यंत 4.7 किलोओहमचा एक रेझिस्टर आणि त्याच्या पाठीला 0.047 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आहे. अंगावर 473 लिहिलेलं असतं. तुझ्या सेकंड इयरच्या पुस्तकातलं सूत्र घे, एक भागिले दोन पाय (π) आर सी. उत्तर येतं 720 हर्ट्झ. म्हणजे 720 च्या वरच्या सुरांना पूर्ण गेन, म्हणजे पूर्ण वाढ, मिळते, ड्राइव्ह शेवटपर्यंत फिरवलास तर सुमारे 118 पट. त्याच्या खाली जशी जाशील तसा गेन उतरत जातो. तुझी जाडी ई तार 82 हर्ट्झची. तिच्या मूळ सुराच्या वाट्याला त्या 118 पटीतलं फारसं काही येतच नाही. तो सूर बराचसा साफच पुढे जातो, आणि फाटतो तो वरचा भाग. पुढच्या टोनच्या भागात उंच सुरांची धारही कापली जाते. दोन्हीकडून छाटल्यावर मधला उंचवटा उरतो. त्यालाच तू नाकातला आवाज म्हणतेस. बरोबर म्हणतेस.

आता 473 काढून 104 लिहिलेला, म्हणजे 0.1 चा, कपॅसिटर लावलास तर तो आकडा 340 च्या आसपास येतो. 224 लावलास, म्हणजे 0.22 चा, तर 154. आवाज भरतो, खालच्या तारा गुरगुरायला लागतात. ऐकताक्षणी वाटतं, कंपनीवाल्यांना हे कसं सुचलं नाही?

मलाही वाटलं होतं. रात्री साडेअकराला 224 लावला आणि घरातल्या छोट्या अ‍ॅम्पवर इतका खूश झालो की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. त्याच आठवड्यात एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. स्टेजवर बेस गिटार, कीबोर्डवाल्याचा डावा हात सतत खाली, ऑक्टोपॅडचा किक आणि वर आमची ढोलकी. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात साउंडवाला मॉनिटरमधून विचारतो, ‘गिटार चालू आहे का?’ मी लेव्हल वाढवली. आता बेसवाला माझ्याकडे वळून बघायला लागला. सोलोला उठलो तर समोर चिखल. मी वाजवत होतो ते माझ्या बोटांना कळत होतं, बाकी कुणाला नाही.

दुसऱ्या दिवशी 473 परत लावला. ज्यांनी हे पेडल बनवलं त्यांनी तळ मुद्दाम कापला होता. खालचे सूर जास्त फाटले की भरड होतात, आणि बँडमध्ये ती जागा बेसची असते. मंडईत कोथिंबीरवाल्याची हाक नाकातून येते, म्हणूनच ती अख्ख्या गर्दीच्या वरून ऐकू जाते. तो घशातून ओरडला असता तर शेजारच्या टोपलीपर्यंतही पोचला नसता.

तेव्हा मला आधी हे सांग: ‘पातळ’ वाटतं ते कुठे? तुझ्या खोलीत, एकटी वाजवताना, की तालमीत सगळ्यांबरोबर? तुझ्या मेसेजमध्ये तालमीचा उल्लेख नव्हता, म्हणून विचारतो.

खोलीत एकटीच वाजवायचं असेल, रेकॉर्डिंगला बेस नसेल, तर 104 जरूर लाव. 224 मात्र नको. आणि त्याच्याही आधी, एक पैसा न घालवता, ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आण, लेव्हल वर चढव आणि अ‍ॅम्पलाच थोडं गुरगुरू दे. स्टीव्ही रे वॉनसारख्या वादकांच्या हातात ट्यूब स्क्रीमर शोभला तो समोर कण्हणारे मोठे अ‍ॅम्प होते म्हणून. तुझ्या दहा वॉटच्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पच्या साफ चॅनलवर पेडलाला एकट्याने सगळं ओढावं लागतं. बिचारं नाकातून बोलणार नाही तर काय करेल?

आता डायोडचं, म्हणजे सूर छाटून तो फाडणाऱ्या भागांचं, थोडक्यात. सिलिकॉनचे डायोड साधारण 0.6 व्होल्टला सूर छाटतात, जर्मेनियमचे 0.3 च्या आसपास, लाल एलईडी 1.7 ला. एलईडी लावलास की आवाज मोठा आणि मोकळा होतो, जर्मेनियमने लहान आणि दबलेला. हा फरक ऐकू येतो, पण त्यातला बराचसा लेव्हलचा असतो. मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. म्हणून तुलना करताना दोन्हीकडची लेव्हल सारखी करायला विसरू नकोस. नाहीतर तू डायोड नाही, व्हॉल्यूम विकत घेतेयस.

ट्रू बायपासची, म्हणजे पेडल बंद असताना सूर आतल्या सर्किटला न शिवता थेट पुढे जाण्याची, जी हवा आहे ती मला अजिबात पटत नाही. टीएस-9 मध्ये बफर, म्हणजे गिटारचा नाजूक सूर लांब केबलमधून न मरता नेणारं छोटं सर्किट आहे, आणि लोक तो काढून टाकतात, ‘शुद्ध’ आवाजासाठी. आता हिशोब कर: साध्या गिटार केबलला मीटरमागे 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स धर. दहा मीटर केबल म्हणजे एक नॅनोफॅरड. पिकअपवर, म्हणजे गिटारच्या तारांचा सूर पकडणाऱ्या चुंबकी भागावर, एवढा बोजा टाकलास की वरची चमक गेलीच. तुझ्या बोर्डावर सहा ट्रू बायपास पेडलं आणि अ‍ॅम्पपर्यंत लांबलचक केबल असेल, तर तुला एक बफर मुद्दाम आणावा लागेल. तो तुझ्याकडे आहे. राहू दे.

मग मॉड करायचंच नाही का? असं नाही. एक सांगतो जे मी डोळे मिटून करून देतो. जुन्या धाटणीचं फझ, म्हणजे सूर पार खरखरीत फाडणारं पेडल, फझ फेसच्या जातीचं, जर्मेनियम ट्रान्झिस्टरवालं. इंग्लंडच्या थंडीत 1966 मध्ये जन्मलेली चीज. जर्मेनियम तापलं की त्याची विजेची गळती वाढते, आणि आपल्याकडे मे महिन्यात मांडवातल्या लाइटांखाली ते दोन गाण्यांत बसतं; सूर थुंकल्यासारखा तुटक येतो. त्यात दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर 8.2 किलोओहमचा ठरीव रेझिस्टर असतो. तो काढून तिथे ट्रिमपॉट, म्हणजे पेचकसाने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, बसवायचा आणि मल्टिमीटर लावून कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास आणायचं. ऋतूप्रमाणे परत जुळवायचं, तानपुऱ्याच्या जव्हारीसारखं. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला फझ जुळवून द्यायला रॉजर मेयर हा तंत्रज्ञ होता. आपल्याला पेचकस आहे. इथे काय बिघडलंय ते माहीत आहे, का बिघडलंय ते माहीत आहे, आणि दुरुस्ती झाली की नाही ते मीटरवर दिसतं. तुझ्या 808 मॉडमध्ये यातलं एक तरी आहे का बघ.

तरीसुद्धा तू एकदा पेडल उघडावंस असं मला वाटतं. फक्त टीएस-9 नको. सुटे भाग आणायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा, ग्रँट रोडला उतरून चालत. पुण्यात असशील तेव्हा बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच. साधं ओव्हरड्राइव्हचं सर्किट स्ट्रिपबोर्डवर स्वतः जोड. कपॅसिटरच्या जागी सॉकेटच्या पट्टीचे दोन तुकडे लाव, म्हणजे सोल्डर न करता 473, 104, 224 बदलून ऐकता येतील. एका दुपारीत तुझ्या कानाला जे कळेल ते दुसऱ्याच्या मॉडवर हजारो रुपये घालून कळणार नाही. आणि बिघडलं तर बिघडलं.

कारण बिघडतं. मी एका मित्राचं पेडल ‘पाच मिनिटांत करून देतो’ म्हणून घेतलं होतं. जुना कपॅसिटर निघेना, म्हणून आयर्न दाबून धरलं. पाय सुटला, आणि त्याच्याबरोबर बोर्डावरचा तांब्याचा पॅडही उचलून आला, नखाएवढं सालपट. मग वायरीचा तुकडा टाकून जोडणी केली. पेडल चाललं, पण प्रवासात ती वायर दोनदा सुटली, आणि दोन्ही वेळा मित्राचा फोन कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी. पाय सुटत नसेल तर जास्त दाबायचं नसतं, थोडं ताजं सोल्डर लावून मग ते वितळलेलं सोल्डर सकरने, म्हणजे छोट्या पंपाने, ओढायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजकालच्या बऱ्याच पेडलांत एसएमडी, म्हणजे तांदळाच्या कणीएवढे भाग असतात. त्यांच्या नादी तूर्त लागू नकोस. डिजिटल डिलेच्या तर मुळीच नाही. काढलेला प्रत्येक भाग छोट्या पाकिटात घालून त्यावर जागा लिहून ठेव, उघडण्याआधी बोर्डाचे फोटो काढ.

हे सगळं नऊ व्होल्टच्या पेडलापुरतं बोलतोय. ट्यूब अ‍ॅम्प उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट बसून असतात, आणि ते चुकीला दुसरी संधी देत नाहीत.

आणि हो, तू लिहिलंयस की पेडलला घरघर आहे आणि ‘मॉडने तीही जाईल ना?’ नाही जाणार. मला तुझा अ‍ॅडॉप्टर संशयास्पद वाटतो. पाचही पेडलं एकाच स्वस्त अ‍ॅडॉप्टरवर साखळी करून लावलीयस ना? टीएस-9 एकटं नव्या बॅटरीवर लावून बघ. घरघर गेली तर आत कुठेही हात लावायचं कारण नाही.

रविवारी मी घरी आहे. पेडल घेऊन ये, चार स्क्रू काढायचे की नाही ते तेव्हा ठरवू. येताना 104 चे दोन कपॅसिटर आण, आणि तो तुमचा बेसवाला मुलगा असेल मोकळा तर त्यालाही.

तुझा,
काका