नोव्हेंबरअखेर मुंबईत फ्लेमिंगो नक्की दिसतील का? अजून कुठले स्थलांतरित पक्षी बघता येतील?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून चार दिवस येताय, सोबत आठवीतली मुलगी आणि एक दुर्बीण. नक्की असं कोणीच सांगू शकणार नाही. तेव्हा फ्लेमिंगो यायला सुरुवात झालेली असते, पण व्हॉट्सॲपवर जे सगळी खाडी गुलाबी झालेले फोटो फिरतात ना ते बहुतेक जानेवारीनंतरचे असतात. आपल्याकडे येणारे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, मुख्यतः गुजरातमधून, कच्छ-भावनगरकडून येतात आणि तिकडचं पाणी कधी आटतं त्यावर इकडची गर्दी ठरते, म्हणून दरवर्षी मागेपुढे होतं. फक्त त्यांच्यासाठीच येणार असाल तर सरळ फेब्रुवारीत या.

पण नोव्हेंबरच ठरलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, चिखलातले बारके पक्षी तेव्हा भरपूर असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. फक्त एक करा, जागा ठरवायच्या आधी भरती-ओहोटी बघा. मुंबईत बहुतेकांची ट्रिप इथेच फसते, पहाटे उठून शिवडीला पोचतात तर ओहोटी, पक्षी पार लांब चिखलात ठिपक्याएवढे, मग म्हणतात काही नाहीये इथे. मोबाईलवर टाइड टेबल मिळतंच, पण आपला कोळी लोकांचा हिशोब पण छान आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, षष्ठीला साडेचारच्या सुमारास, अर्धापाऊण तास इकडेतिकडे धरायचा. पूर्ण भरतीच्या दोनतीन तास आधी जेट्टीवर पोचायचं, मग पाणी चढत येतं आणि पक्ष्यांना ढकलत तुमच्याकडे आणतं. आणि शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे त्यामुळे सकाळी ऊन सरळ डोळ्यात येतं, दुपारची भरती मिळाली तर बेस्ट, ऊन पाठीमागे आणि पक्ष्यांवर छान लाइट. म्हणून चतुर्थी ते षष्ठी असा एखादा दिवस पकडा. हार्बर लाइनवर शिवडी स्टेशनला पूर्वेला उतरून चालत किंवा टॅक्सीने जेट्टी, टोपी आणि पाणी घ्या, सावली फारशी नाही.

तिथे मुलीला छोटा टिलवा दाखवा. चिमणीएवढाच, वजन पंचवीसेक ग्रॅम, काळे पाय, काळी चोच, आणि एका जागी उभा राहीलच असं नाही, चिखलात टकटकटक टोचत पळतो. हा सायबेरियाच्या पार वरच्या आर्क्टिक भागात अंडी घालतो आणि थंडीत आपल्याकडे येतो, हे सांगितल्यावर पोरं एकदम गप्प होतात बघा. त्याच्या शेजारीच लांब सरळ चोचीचे गॉडविट असतात, ते चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतात, कधीकधी डोकंसुद्धा आत जातं. म्हणजे एकाच चिखलात वरचं खाणं टिलव्याचं आणि खोलवरचं गॉडविटचं, भांडण नाही. एखाद्याच्या पायात रिंग किंवा रंगीत पट्टी दिसली तर फोटो काढून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) पाठवा, तो कुठून आला ते त्यावरून कळू शकतं.

पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, मग हे सगळे उडून आतल्या पाणथळ जागांवर जाऊन बसतात. तेव्हा नेरुळला टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागे किंवा सीवूड्सच्या तलावावर जा. ऐरोलीहून बोट पण आहे, ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 चं, 2022 ला रामसार यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. बोट भरतीच्या वेळेनुसारच निघते, आधी बुकिंग करा.

बदकांसाठी इथे वेळ घालवू नका. थापट्या, तलवार बदक हे तुमच्या नांदूर मध्यमेश्वरला जास्त चांगले आणि जवळून दिसतील, त्यासाठी कोणी मुंबईला येतं का राव!

मुलीसाठी गेटवे ते एलिफंटा लाँच मात्र कराच. लाँचच्या मागे कुरव (सीगल) लागतात, डोळ्यांच्या लेव्हलला उडत असतात. दोन प्रकार मिसळलेले असतात आणि थंडीत दोघांचीही डोकी पांढरी, कानाजवळ फक्त काळसर डाग, म्हणून डोकं बघू नका, पंखाचं टोक बघा. टोक चांगलं काळं आणि त्यात पांढरे ठिपके असतील तर तपकिरी डोक्याचा कुरव, आणि पंखाची पुढची कड पांढरी आणि काळा रंग नुसता टोकाच्या किनारीला असेल तर काळ्या डोक्याचा. लोक चिप्स उडवतात, व्हिडिओ छान येतो हे खरं, पण तुम्ही देऊ नका, तेलमिठाचं खाणं आहे ते.

अमूर ससाण्याचं पण विचारलंत. तो नागालँडहून आफ्रिकेला जाताना याच दिवसांत आपल्या बाजूने पुढे अरबी समुद्र ओलांडतो, जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी! लोणावळ्याच्या पठारांवर थांबलेला दिसतो कधीकधी, पण नोव्हेंबरअखेर बरेचसे पुढे गेलेले असतात, त्यामुळे त्यावर प्लॅन करू नका, दिसला तर बोनस.

बाकी सोसायटीच्या आवारातसुद्धा बघा, गच्चीवरची टाकी गळत असेल तिथे पिवळ्या पोटाचा करडा धोबी येतो, आणि कंपाउंडच्या भिंतीवर शेपटी थरथरवणारा थिरथिरा.

उतरणार कुठे ते लिहिलं नाहीत. मुलुंड-ठाण्याकडे असाल तर भांडुप पंपिंग स्टेशन जवळ पडेल, तिथे सकाळी लवकर जा, डास भयंकर असतात तर फुल बाह्यांचे कपडे घाला, आणि आत सोडतायत का ते आदल्या दिवशी विचारून घ्या.