उपासाची आत्या

"मॅडम, हिला वाढवताना माझं काय चुकलं, तेवढं सांगा."

खानापूरच्या बाजूच्या एका गावातून पहिल्या बसनं माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या आईचा हा पहिला प्रश्न. एप्रिल महिना, आणि शेजारी बसलेल्या लेकीच्या अंगात स्वेटर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

लेक पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, बेळगावात हॉस्टेलवर. आदल्या पावसाळ्यात टायफॉइड झाला, सहा-सात किलो वजन उतरलं. गणपतीला घरी आली तर येणारा-जाणारा म्हणे, "बारीक झालीस, आता कशी छान दिसतीस!" तिथून भात सुटला, मग तेल, मग चपाती. चार महिने पाळी नाही. ताटावर आडवा हात धरून, मैत्रिणींकडून उचललेलं कन्नड "साकु, साकु" (पुरे, पुरे) तेवढं चालू.

"आणि घरी आली की कुंदा करते हो," आई म्हणाली. "दूध आटवत तासन्‌तास कढईजवळ उभी. सगळ्यांना वाट्या भरून देते. स्वतः मात्र उलथनंसुद्धा चाटत नाही, लगेच धुऊन टाकते."

आजीच्या मते ही सगळी लाडाची थेरं. आईला तेच खात होतं. पण उठता उठता ती दबक्या आवाजात बोलली, "आमच्या ह्यांच्या मोठ्या बहिणीचंही असंच. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी. लग्न झालं नाही. सगळे तिला उपासाची आत्या म्हणतात. म्हणजे हे त्यांच्या घराण्यातलंच ना?"

मी तिला परत बसवलं. हे वाक्य घेऊन ती घरी गेली असती, तर इतके दिवस सुनेवर असलेला ठपका संध्याकाळपर्यंत सासरच्या रक्तावर गेला असता आणि पोरगी उपाशीच राहिली असती.

तिला सांगितलं ते असं. या आजाराचं नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं, की याचा धोका कुणाला कमी, कुणाला जास्त असतो, त्या फरकातला साधारण 50 ते 60 टक्के भाग वारशानं येतो. एकाच मुलीच्या आजाराचे निम्मे-निम्मे वाटे करता येतात, असा याचा अर्थ नव्हे. 2019 साली सुमारे 17,000 रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या. त्यांचे धागे काही चिंता आणि ओसीडीशी (तेच तेच विचार नि कृती पाठ न सोडणारा आजार) जुळले, तर काही थेट शरीराच्या चयापचयाशी. एकच एक 'न जेवण्याचं जनुक' नसतं. आत्याला असलं म्हणजे भाचीला होणारच, असंही नाही.

मग पेटलं कुठून? टायफॉइडनं शरीर उपाशी पडलं. आपण उपाशी राहिलो की चिडचिडतो, पण या आजाराचा धोका असलेल्या काही मुलींना उलट शांत वाटतं. या पोरीनंच मला सांगितलं, "पोट रिकामं असलं की डोक्यातला गोंगाट थांबतो, मॅडम." त्यात ते कौतुक. हॉस्टेलवर ताटाकडे बघणारं कुणी नाही, वर परीक्षेचा ताण. दुसऱ्या एखाद्या मुलीनं हेच सगळं झेललं असतं आणि महिन्याभरात वजन भरून काढलं असतं.

कुंद्याचं कोडं मात्र उपासमारीचंच. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यात दिवसभर अन्नच घोळू लागलं. कुणी पाककृती जमवू लागला, कुणी एकेक घास ताटात चिवडत बसू लागला. ते तर धडधाकट पुरुष होते, बारीक व्हायची हौस त्यांना नव्हती. म्हणून पोरीला "नाटकं करतेस" म्हणू नका, हे मी आजीलाही बोलावून सांगितलं.

नाडी मिनिटाला अवघी 46 भरली होती. त्यामुळे गप्पांच्या आधी डॉक्टर, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम. फार दिवस उपाशी शरीरावर एकदम अन्नाचा मारा केला तर जिवावर बेततं, म्हणून खाणंही डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवलं. हॉस्टेल सोडवलं. तीन जेवणं, मध्ये तीनदा खाणं. वाढायचं आईनं, शेजारी बसायचं, वजनाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. पहिल्या आठवड्यात अर्ध्या भाकरीला पाऊण तास लागला. पोरगी रडली, आई रडली, पण ताट उचललं गेलं नाही. हे काम समुपदेशकाच्या खोलीत होत नाही, चुलीपाशीच होतं. आणि "माझंच चुकलं" म्हणून खचलेल्या बाईच्या हातून ते निभत नाही. ठपका आधी उतरवायचा तो एवढ्यासाठी.

पाळी परत यायला सात महिने लागले. मधे दोनदा घसरणही झाली.

पावसाळ्यात एकदा मायलेकींबरोबर आत्या आली. पन्नाशीची, मनगटं काडीसारखी, वर्षभरापूर्वी नुसत्या पाय घसरण्यानं खुबा मोडलेला. दाराजवळच्या खुर्चीवर बसून होती. दोघी उठल्यावर मला म्हणाली, "माझ्या वेळेला सगळे पाया पडायचे, बाई. उपास सोड असं कुणी म्हणालं नाही." मग जरा थांबून, "या वयात हे बरं होतं का?"

होतं, म्हटलं. हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि पुढच्या मंगळवारची अकराची वेळ तिच्या नावावर टाकली.