एटीआरला शिडीची गाडी लागते का?

नवी मुंबई विमानतळावर एटीआर ७२ हे पंख्यांचं छोटं विमान उतरलं तर शिडीची गाडी लावावी लागेल का? नाही. मागचा डावा दरवाजाच शिडी असतो: खालच्या कडेला बिजागरी, आतल्या अंगाला पायऱ्या. उंबरा जमिनीपासून जेमतेम कमरेच्या थोडा वर, म्हणून हे जमतं. एअरबस ए३२० या मोठ्या जेट विमानाचा साडेतीन मीटरच्या आसपास. तिथे घडीची शिडी म्हणजे दर उड्डाणाला फुकटचं वजन आणि जादा इंधन.

गंमत मागे आहे. सगळी माणसं शेपटाकडून चढतात, त्यामुळे नाक उचललं जाऊ नये म्हणून शेपटाखाली टेकू लावतात. विमान उभं असताना उजवं इंजिन, त्याचा पंखा ब्रेकने रोखून, वीज-एसीसाठी चालू ठेवता येतं. व्हीलचेअरसाठी मात्र रॅम्प किंवा लिफ्ट आणावीच लागते.