३२ मजली टॉवरमध्ये आग लागली तर गच्चीवर पळावं का? सोसायटीने गच्चीला कुलूप लावलंय. (घोडबंदर रोड, ठाणे)

नाही, जिन्याने खालीच उतरायचं. लिफ्ट वापरायची नाही. धूर जिन्याच्या पोकळीतून वर चढतो आणि गच्चीच्या दाराशीच कोंडतो, म्हणजे दार बंद निघालं तर तुम्ही सर्वात वाईट जागी अडकता. हेलिकॉप्टर येईल हा हिशेब तर सोडूनच द्या. अपवाद एकच: खालचा जिना धुराने भरला असेल, तर वाटेतल्या रेफ्युज एरियात (आगीच्या वेळी आसऱ्यासाठी ठरावीक मजल्यांवर मोकळी ठेवलेली जागा) थांबा. तिथंही पोहोचता येत नसेल तर घरात परत या, दाराच्या फटी ओल्या कापडाने बुजवा, खिडकीत उभे राहा आणि १०१ वर मजला, विंग सांगा.

कुलपाचं म्हणाल तर फायर अलार्म वाजताच आपोआप उघडणारं लॉक मिळतं, सोसायटीकडे त्याचा आग्रह धरा. शिवाय महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे 'फॉर्म बी', दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. शेवटचा कधी दिला ते सेक्रेटरींना विचारा. आणि हो, रेफ्युज एरियात जुने सोफे, सायकली रचल्या नाहीत ना, तेही बघून या.